वरचा शेजारी, खालचा शेजारी

दाक्षायणीच्या की-बोर्डवरच्या एका बटणावर गेले काही महिने पांढरी मेडिकल टेप चिकटवलेली होती. तिला वाजवायला शिकवणाऱ्या वेणीमाधवकाकांनी ती स्वतःच्या हातानं लावली होती आणि वर दम दिला होता, "ही निघाली तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही." त्या रविवारी सकाळी, कार्यक्रमाला निघायच्या आधी, दाक्षायणीनं ती टेप नखानं उचकटून काढली.

"काकांना सांगू का?" तिचा नवरा बसू की-बोर्डची बॅग खांद्याला लावत म्हणाला.

"सांगून तर बघा. आठवडाभर माझ्या हातची भाकरी विसरायची."

"मग राहू दे की चिकटलेली."

"आजच्यापुरतं हो. आज चुकले तर उद्या टेप लावायला की-बोर्डचं कामच उरणार न्हाय."

गावोगावच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवणाऱ्यांचा सगळा जीव त्या बटणात असतो. गाणारा म्हणाला, आज माझी पट्टी काळी चार, की बटण टकाटक दाबायचं. यंत्र सगळे सूर तेवढे वर किंवा खाली सरकवून देतं. बोटं मात्र जिथल्या तिथं, पांढऱ्या पट्ट्यांवर, सफेद एकच्या, म्हणजे पहिल्या पांढरीच्या, ओळखीच्या जागेत. वळसंगला माहेरी असताना दाक्षायणी अशीच शिकली होती. भावाचा खेळण्यातला की-बोर्ड समोर, मोबाईलवर व्हिडिओ चालू, आणि गाण्याच्या कुठल्या अक्षराखाली कुठली तीन बोटं एकदम ठेवायची ते पाठ. ढीगभर गाणी तिला येत होती, पण सगळी सफेद एकमध्ये. गाणारा बदलला तर बटण होतं. गाणं बदललं, म्हणजे पाठ नसलेलं आलं, तर मात्र तिच्याकडं काहीच नव्हतं.

लग्न होऊन सोलापुरात आल्यावर ती डोळ्यांच्या एका दवाखान्यात लागली. चष्म्याचे नंबर काढायचं काम. दिवसभर माणसांच्या डोळ्यांपुढं काचा बदलायच्या आणि विचारायचं, "हे बरं दिसतंय, की हे?" सुट्टीच्या दिवशी आणि लग्नसराईत 'स्वरशिवार' ऑर्केस्ट्रा. त्याचा मालक अभिमन्यू हा बसूचा शाळेपासूनचा दोस्त. माणूस वाईट नव्हता, पण वारा कुठून येतोय ते आधी बघायचा. दिवाळीत त्यानं लॅपटॉप घेतला आणि गाण्यांचे तयार ट्रॅक त्यात भरले. आधी गिटारवाला गेला, मग ऑक्टोपॅडवाला.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणायचा, "पण लॅपटॉपला सर्दी होत नाही. तो माहेरी जात नाही. पंगतीत त्याला पान लागत नाही."

"आणि हाळी दिली तर त्याला ऐकूही येत न्हाय," असं मागून सिद्धेश्वरी अक्कांनी म्हटलं की अभिमन्यू वायरी गुंडाळायला लागायचा.

अक्का 'स्वरशिवार'च्या सगळ्यात जुन्या गायिका. केम गावच्या. साठीच्या उंबरठ्यावर, नऊवारीत, कपाळावर मोठं कुंकू, आणि जीभ अशी की माइक बंद असला तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचावी. त्यांचा आवाज अलीकडं रोज वेगळ्या ठिकाणी असायचा. आज काळी चार, परवा त्याच्याखाली. ट्रॅकवर त्यांना गाताच येत नसे. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. शिवाय लोक त्यांना ज्या गाण्यासाठी बोलवत, त्याचा ट्रॅकच नव्हता. त्यांची आई ज्वारी हुरड्यात आली की शेतातल्या माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची आणि हाकताहाकता गायची. ते गाणं. *पाखरं हाकता हाकता बाई, दिस कलला शिवारी.* कुठल्या कॅसेटमध्ये नाही, कुठल्या व्हिडिओत नाही.

गेल्या वर्षी एका हळदीत दाक्षायणीनं त्या गाण्याला साथ करायचा प्रयत्न केला होता. अक्कांनी ऐनवेळी एक ओळ लांबवली, दुसरी फिरवून घेतली, आणि हिची बोटं पट्ट्यांवर नुसती उभी राहिली. अक्का गाणं थांबवून माइकमध्येच म्हणाल्या, "माझ्या मागं यायला येतं का गं तुला? का नुस्तं बटण दाबायला? ते तर माझा नातू बी दाबंल." मांडव खो खो हसला. दाक्षायणीला अजूनही ते हसू अधूनमधून ऐकू यायचं.

आणि आता अभिमन्यूनं स्पष्ट सांगून टाकलं होतं. होटगी रोडच्या मंगल कार्यालयात एका मुख्याध्यापकांच्या सेवापूर्तीचा कार्यक्रम होता. त्यांनी मुद्दाम पाखरांचं गाणं मागितलं होतं. "ते नीट झालं तर तुम्ही आणि अक्का, दोघी राहा. गडबडलं तर पुढं सगळं ट्रॅकवर. अक्कांनाही हेच सांगितलंय." म्हणजे ट्रॅक नसलेलं गाणं स्टेजवरून कायमचं उतरणार होतं, आणि ते उतरवणार होती दाक्षायणीची बोटं.

वेणीमाधवकाका तिला भेटले ते दवाखान्यातच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नंबर काढायला आले होते. ती सवयीनं गुणगुणत काचा बदलत होती. "हे बरं, की हे?"

"काचेत दुसरं बरं," काका म्हणाले, "पण तुम्ही जे गुणगुणताय त्यात पहिलं बरं होतं. दुसऱ्या वेळेला तुम्ही घराबाहेर गेलात."

काका एके काळी शहरातल्या ऑर्केस्ट्रात अॅकॉर्डियन वाजवायचे. ते जड वाद्य अजून त्यांच्या कॉटखाली होतं. ती त्यांच्याकडं शिकायला जाऊ लागली. पहिल्या दिवशी त्यांनी ते तिच्या गळ्यात अडकवलं आणि तिचा डावा हात पट्ट्याखाली सरकवला. तिथं दाटीवाटीनं बटणं होती आणि ती वाजवणाऱ्याला दिसतच नाहीत.

"बघू नकोस. बोटानं शोध. एका बटणाला खळगा आहे."

"सापडला."

"ते सफेद एक. तुझं लाडकं. आता ते घर समज. त्याच्या लगेच वरचं बटण म्हणजे वरचा शेजारी. लगेच खालचं म्हणजे खालचा शेजारी. निम्मी गाणी या तिघांत होतात. गाणं घरातून निघतं, शेजाऱ्याकडं जातं, घरी येतं. आता हात उचल आणि कुठल्याही दुसऱ्या बटणावर ठेव."

तिनं ठेवला.

"आता हे घर. शेजारी कुठं?"

ती जरा थांबली. मग बोटं वर सरकली, खाली सरकली, आणि तेच नातं जसंच्या तसं वाजलं. नवीन घर, पण शेजारी तेवढ्याच अंतरावर. इतकी वर्षं ती प्रत्येक गाण्याला तीन-तीन बोटांच्या वेगवेगळ्या आकृत्या पाठ करत होती, आणि इथं सगळ्या आकृत्यांच्या खाली एकच गोष्ट निघाली.

पण कळणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं. काका तिला भिंतीकडं तोंड करून उभी करायचे आणि वाजवायचे. "कुठं आहे? घरी, वर, का खाली?" ती चुकायची. खालचा शेजारी तिला हमखास घर वाटायचा. काका चिडायचे. "अगं, तिथं पाय पसरून बसावंसं वाटतंय का? नाही ना? मग ते घर कसं?" त्यांचा दुसरा नियम असा की आधी सूर गळ्यातून काढायचा, मग बोटातून. आणि तिसरा: कळलं नाही तर थांबायचं. "गप्प बसलेल्या साथीला कुणी हसत नाही. चुकीच्या जागी ठणठणीत वाजवणाऱ्याला हसतात."

एक दिवस तिच्याच लक्षात आलं की ती दवाखान्यातल्या पेशंटसारखी वागतेय. लोक अक्षरं बघत नाहीत, उत्तर बरोबर यावं म्हणून घाबरतात, आणि घाबरलं की अंदाज मारतात. ती त्यांना काय सांगायची? "परीक्षा न्हाय हो ही. दोन्हीतलं कुठलं निवांत वाटतं, तेवढंच सांगा." तिनं स्वतःच्या कानाला तसं विचारायला सुरुवात केली. हे की हे? हळूहळू उत्तरं येऊ लागली. त्याच आठवड्यात काकांनी बटणावर टेप लावली.

पाखरांचं गाणं ती त्यांच्याकडं घोकत होती. एक जागा मात्र बसत नव्हती. तिसऱ्या ओळीत, 'दिस कलला' म्हणताना, ती घर वाजवायची. चूक नव्हती, पण ओळ नुसती उभी राहायची. शेजारी लावून पाहिले, तेही नाही.

"तिथं घरातलंच कुणीतरी आहे," काका मिशीत हसत म्हणाले, "पण आज हिरमुसलेलं."

"कोण ते सांगा की."

"सांगितलं तर पाठ करशील. शोध."

सापडलं नव्हतं. आणि रविवार उजाडला होता.

एप्रिलची दुपार. मंगल कार्यालयाचे पंखे गरम हवा ढवळत होते. जेवणं उरकलेली, लोक सुस्तावलेले, पुढच्या रांगेत फेटा बांधलेले मुख्याध्यापक. अभिमन्यू बाजूच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. आतापर्यंतची सगळी गाणी त्यावरच झाली होती. दाक्षायणी मागं की-बोर्डपाशी घामाघूम होऊन बसली होती.

अक्का वळून म्हणाल्या, "घसा बसलाय. सफेद पाच घे. येतंय न्हवं?"

"येतंय, अक्का."

तिनं बटण दाबून सफेद पाच लावली. टेपचा चिकटा अजून बोटाला लागत होता. पहिली ओळ गेली. घर, शेजारी, घर. बोटं जुन्या जागेवर निवांत होती. दुसरी ओळ सुरू झाली, आणि वीज गेली.

पंखे हळूहळू थांबले. माइक मेला, की-बोर्डचा दिवा विझला. लोक "ओऽऽ" करून ओरडले. पण अक्का थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी माइक खाली केला, एक पाऊल पुढं टाकलं आणि उघड्या आवाजात गात राहिल्या. ढोलकीवाल्यानं ठेका धरला. खुर्च्यांमधून टाळ्या सुरू झाल्या. कार्यालयाच्या मागं कुणीतरी जनरेटरची दोरी ओढत होतं. तो फुरफुरायचा आणि बसायचा.

दाक्षायणीच्या पुढ्यात मुकं यंत्र होतं. तिनं घराचा सूर घशात धरून ठेवला, नुसता, ओठ न उघडता. अक्का शेजारी जातात, परत येतात, आणि त्या परत आल्या की आपला सूर त्यांच्या सुराला टेकतो का, ते बघायचं. पहिल्यांदा टेकला. पुढच्या खेपेला जरासा घासला. त्यानंतर ती एकदम सावध झाली. अक्का घरी आल्या होत्या, पण घरच खाली गेलं होतं. बसलेला घसा, आधाराला सूर नाही. आवाज आपल्या ओझ्यानं कणाकणानं उतरत चालला होता. ढोलकीला ते कळणार नव्हतं. टाळ्यांना तर नाहीच.

जनरेटर धडधडला. दिवे लागले, पंखे फिरले, की-बोर्डवर दिवा उगवला. त्याक्षणी दाक्षायणीनं ऐकलेलं सगळं उडून गेलं. हात सवयीनं पडला. जुनी जागा, तीन बोटं, पूर्ण जोरात.

वीज गेली की ते यंत्र सगळं विसरतं. बटणानं लावलेली सफेद पाच पुसली गेली होती. स्पीकरमधून ठणठणीत सफेद एक निघाली, अक्कांच्या आवाजाला आडवी, जिन्यावरून पातेलं गडगडत यावं तशी. पुढच्या रांगेतल्या दोन बायका दचकल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. अक्कांची पाठ ताठ झाली, पण त्या गात राहिल्या.

अभिमन्यूनं मान वर केली. त्यानं दाक्षायणीला हातानं 'थांबा' अशी खूण केली आणि दुसरा हात लॅपटॉपकडं नेला. पुढचं गाणं लावून तो हे झाकून टाकणार होता. ओळ संपेपर्यंतचाच अवकाश होता.

तिचं बोट बटणाकडं गेलं. पण दाबायचं किती? सफेद पाच लावली तरी अक्का आता तिथं नव्हत्या. त्या कुठं होत्या हे बटणाला माहीत नव्हतं.

तिनं आवाजाची कळ जवळजवळ शेवटपर्यंत खाली केली आणि डाव्या करंगळीनं खालची सफेद पाच दाबली, फक्त स्वतःला ऐकू येईल एवढी. घासत होतं. काचेत अक्षर मोठं दिसतं पण कडा फाटतात, तसं. हे? तिनं करंगळी शेजारच्या काळ्या पट्टीवर, काळी तीनवर नेली. की हे?

घासणं थांबलं.

काळी तीन. ऑर्केस्ट्रात बसल्यापासून तिनं त्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आधी गळ्यातून. तिनं सूर धरला. तो अक्कांच्या आवाजाखाली अलगद जाऊन बसला. मग आवाजाची कळ थोडी वर, आणि तो एकच सूर, खाली, लांब. बाकी काही नाही. कळलं नाही तर थांबायचं.

अक्कांचे खांदे उतरले. आवाज त्या सुरावर टेकला आणि घसरायचा थांबला. अभिमन्यूचा हात लॅपटॉपवर तसाच होता.

आता घर उभं करायचं होतं. तिच्या हाताला आकृती माहीत नव्हती. कानाला माहीत होती. एक बोट, दुसरं, तिसरं. तिन्ही काळ्यांवरच आली. वरचा शेजारी: मधलं बोट पांढरीवर घसरलं, बरोबर. खालचा शेजारी: चाचपडताना एक सूर वाकडा लागला, तिनं तो सोडून दिला आणि पुढच्या ठेक्याला नीट धरला. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि तिसरी ओळ आली.

अक्कांनी 'दिस' लांबवला. लांबवतच गेल्या. दाक्षायणीचा हात घरावर होता, तीन काळ्या पट्ट्यांवर, आणि तिला ऐकू येत होतं की ओळीला उठायचंय पण घर तिला उठू देत नाही. घरातलंच कुणीतरी. दोन बोटं तिनं हलवलीच नाहीत. तिसरं तेवढं पुढच्या काळीवर सरकवलं.

सगळं कार्यालय काळवंडल्यासारखं झालं. दिवे लागलेलेच होते, माणसं तीच होती, पण त्या एका बोटानं दिवस खरोखर कलला. फेटेवाल्या मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. अक्का 'कलला' म्हणाल्या, त्यावर थांबल्या, आणि गाता गाता पहिल्यांदाच मागं वळून दाक्षायणीकडं बघितलं.

त्यांनी ओळ पुन्हा घेतली. आता अर्धीच, आणि उरलेली जागा मोकळी सोडली. ती जागा दाक्षायणीची होती. पाठ केलेलं तिथं बसण्यासारखं काही नव्हतं. तिनं उजव्या हातानं काळ्या पट्ट्यांवरून एक छोटी तान उडवली, दोन पाखरं कणसावरून उठावीत एवढीच, आणि खालच्या सुरावर येऊन थांबली. अक्कांनी "हाऽऽ हुर्रर" अशी आईची हाळी दिली. दाक्षायणीनं उत्तर दिलं, वेगळं. अक्कांनी ते उचलून आवाजात फिरवलं आणि परत तिच्याकडं टाकलं. चौथ्या-पाचव्या खेपेला एक उत्तर फसलं. अक्कांनी ते पदरात घेतल्यासारखं आपल्या ओळीत मिसळून टाकलं. अभिमन्यूनं लॅपटॉपवरचा हात काढला आणि अक्का पुढं सरकल्या तेव्हा निघालेली माइकची वायर तो हुडकायला लागला.

कार्यक्रम संपल्यावर अक्का घोटभर पाणी पिऊन की-बोर्डपाशी आल्या.

"लाइट आल्यावर काय वाजवलंस गं ते? भांडं पडलं व्हय?"

"व्हय, अक्का. माझ्याच हातातून."

"बरं झालं. मला वाटलं माझंच काय पडलं." मग अभिमन्यूकडं वळून, "अकलूजला कधी जायचंय?"

"पुढच्या शनिवारी. दुपारची हळद आहे." अभिमन्यू मान खाजवत म्हणाला, "असं करू. बाकीची गाणी ट्रॅकवर. अक्कांची वहिनींकडं."

"माझी किती, ते मी सांगणार."

"सांगा की."

"आणि पोरी, तितं माझी पट्टी काय आसंल ते मला तवाच कळंल."

"कुठलीही घ्या, अक्का," दाक्षायणी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिची तिलाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर ती वेणीमाधवकाकांकडं गेली, की-बोर्ड घेऊनच. पण उंबऱ्यापाशी थांबली. काकांनी आतून विचारलं, "ये की. काय झालं?"

"टेप काढली होती काका. रविवारी."

नव्या चष्म्यातून त्यांनी दुरूनच तिच्याकडं बघितलं.

"आणि?"

"आणि वीज गेली."

तिनं सगळं सांगितलं, सफेद एकसकट. काका हसले नाहीत. तिसऱ्या ओळीचं सांगताना तिनं फक्त एक बोट हवेत सरकवून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

"दारात पाऊल टाकायचं नाही असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. पायरीवर बस. तोंड रस्त्याकडं."

ती बसली. समोरून रिक्षा गेली, कुणाच्या तरी कुकरनं शिटी दिली. आतून कॉटखालचं जड वाद्य ओढल्याचा आवाज आला, पट्ट्यांची बकलं लागली, भात्यानं श्वास घेतला.

"हं," काका आतून म्हणाले, "सांग. घर कुठंय?"

तिनं आधी घशात सूर धरला.